दरी पाहणाऱ्याच्या डोळ्यात

१९७० साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी ‘एनर्जी’ नावाच्या जपानी नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. रोबो जसजसा माणसासारखा दिसू लागतो तसतशी त्याच्याबद्दलची आपुलकी वाढत जाते, पण साम्य जवळजवळ पुरं होत आलं की ती एकाएकी कोसळते आणि तिची जागा भीती किंवा शिसारी घेते, असं त्यांचं म्हणणं होतं. हुबेहूब बनवलेल्या कृत्रिम हाताचं उदाहरण त्यांनी दिलं. लांबून तो खराच वाटतो, पण हस्तांदोलन करायला जावं तर स्पर्श थंडगार लागतो आणि अंगावर काटा येतो. आलेखात दिसणाऱ्या या खड्ड्याला त्यांनी दरी म्हटलं आणि पुढे ‘अनकॅनी व्हॅली’ या इंग्रजी नावाने ती जगभर पोचली. मोरींनी यासाठी प्रयोग केलेला नव्हता. एका जाणत्या अभियंत्याचं ते निरीक्षण होतं. तरीही रोबो घडवणारे आणि ॲनिमेशनपट काढणारे लोक ही दरी निसर्गनियमासारखी मानत आले. चेहरा कुठपर्यंत माणसासारखा करायचा आणि कुठे थांबायचं, याचे निर्णय तिच्या धाकाने घेतले गेले. त्या आलेखात साम्य आहे, आपुलकीही आहे. पाहणारा कोण, हे मात्र त्यात नाही. सगळी माणसं एकाच डोळ्याने पाहतात असं तिथे न बोलता धरलेलं आहे.

ते गृहीतक खरं नसावं, असं सांगणारा एक प्रयोग २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. शुयुआन फेंग, ली यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या मुलांना चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या. खऱ्या माणसाच्या चेहऱ्यापासून कार्टूनच्या चेहऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने बदलत नेलेली ही चित्रं होती, आणि काहींमध्ये डोळे मुद्दाम मोठे केलेले होते. दोन्हींपैकी कोणता चेहरा आवडतो, एवढंच मुलांना विचारलं. ऑटिझम नसलेल्या मुलांच्या उत्तरांत मोरींची दरी दिसली. ऑटिस्टिक मुलांच्या उत्तरांत ती दिसली नाही. हा निष्कर्ष वाचताना पहिला विचार मनात येतो तो असा, की या मुलांना काहीतरी कमी दिसत असणार, जिथे दचकायला हवं तिथे ती दचकत नाहीत. शास्त्रीय लिखाणातही ‘अभाव’ हाच शब्द पुढे येतो. पण हाच पुरावा दुसऱ्या टोकाकडून वाचता येतो आणि मला तेच वाचन जास्त खरं वाटतं. दरी रोबोच्या चेहऱ्यावर नाही. ती पाहणाऱ्याच्या अपेक्षेत आहे, आणि ऑटिस्टिक माणूस ती अपेक्षा घेऊन रोबोसमोर येत नाही.

दरी अपेक्षेत असते म्हणजे काय, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूचित्रणाच्या अभ्यासातून चांगलं कळतं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या आयशे पिनार सायगिन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एफएमआरआय यंत्रात झोपवून तीन प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या. एकीत खरी स्त्री होती. दुसरीत तिच्याच चेहऱ्यामोहऱ्याचा ‘रेप्ली क्यू-टू’ हा जपानी अँड्रॉइड, म्हणजे मनुष्यरूपी रोबो होता. हिरोशी इशिगुरो यांच्या ओसाकातल्या प्रयोगशाळेतली ही निर्मिती. तिसरीत तोच अँड्रॉइड होता, पण वरची त्वचा आणि केस काढून आतल्या तारा आणि सांधे उघडे केलेला. तिघांच्या कृती त्याच होत्या, हात हलवणं, पाणी पिणं वगैरे. खरी स्त्री माणसासारखी दिसते आणि माणसासारखी हलते. उघडा रोबो यंत्रासारखा दिसतो आणि यंत्रासारखा हलतो. या दोघांना पाहताना मेंदूत फार खळबळ झाली नाही. मधल्या अँड्रॉइडला पाहताना मात्र पार्श्विका भागात हालचालींचा अर्थ लावणारी केंद्रं वेगळ्याच जोमाने पेटली, कारण रूप माणसाचं आणि हालचाल यंत्राची होती. मेंदूने रूपावरून एक भाकीत केलं आणि ते चुकलं. मोरींच्या आलेखातला खड्डा तो हाच, चुकलेल्या भाकिताचा धक्का.

ऑटिझमबद्दलचं एक मोठं सैद्धांतिक मत इथे नेमकं लागू पडतं. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ मध्येच अशी मांडणी केली की ऑटिस्टिक मेंदू पूर्वानुभवावरून बांधलेल्या अंदाजांना कमी वजन देतो आणि समोर जे प्रत्यक्ष येतं त्याला जास्त. त्यामुळे जग अधिक तपशिलाने, अधिक थेट जाणवतं आणि म्हणूनच कधी कधी असह्यही होतं. ट्यूबलाइटची गुणगुण, कपड्याच्या आतल्या लेबलची टोचणी, बाजारातला गलका, हे सगळं बाकीच्यांचा मेंदू ‘हे ओळखीचंच आहे’ म्हणून बाजूला सारतो, ऑटिस्टिक माणसाचा सारत नाही. हे मत अजून तपासलं जात आहे आणि ऑटिझमची सगळी रूपं त्याने उलगडतात असं कोणी म्हणू नये. पण ते धरून चाललं तर फेंग यांच्या प्रयोगाचा अर्थ लागतो. जपानी संशोधक युकी उएयामा यांनी २०१५ मध्ये संभाव्यतेच्या गणिताने हेच दाखवायचा प्रयत्न केला होता. पूर्वग्रहाचं, म्हणजे आधीच्या अंदाजाचं वजन बदललं की दरीची खोली बदलते. अंदाजच सैल असेल तर तो मोडल्याचा धक्काही सौम्य असणार. असा माणूस अँड्रॉइडकडे पाहतो तेव्हा त्याला बिघडलेलं मनुष्यरूप दिसत नाही. समोर जे आहे ते दिसतं.

आता जे रोबो ऑटिस्टिक मुलांसाठी वापरले गेले त्यांच्याकडे पाहू. हा इतिहास पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १९७६ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सिल्व्हिया वीर आणि रिकी इमॅन्युएल यांनी एका सात वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाच्या हाती लोगो या संगणकभाषेवर चालणारं यांत्रिक कासव दिलं. त्या कासवाला चेहरा नव्हता. कळ दाबली की ते पुढे जाई, वळे, थांबे. त्याच्या निमित्ताने तो मुलगा आपणहून मोठ्यांशी संवाद साधू लागला, असं त्यांनी नोंदवलं. पुढे इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठात कर्स्टिन डाउटेनहान आणि बेन रॉबिन्स यांनी या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलं. २००६ च्या त्यांच्या एका शोधनिबंधातला प्रयोग फार कल्पक आहे. त्यांनी रोबोटा नावाची यांत्रिक बाहुली मुलांपुढे ठेवली, कधी सुंदर चेहऱ्याची आणि फ्रॉक घातलेली, कधी चेहरा झाकलेली आणि साधी. शिवाय एका मूकाभिनय करणाऱ्या नटालाच ‘रोबो’ बनवलं. एकदा तो नेहमीच्या वेशात उभा राहिला, एकदा चेहरा झाकून, कुठलाही तपशील नसलेल्या साध्या पोशाखात. हालचाली दोन्ही वेळा त्याच, यांत्रिक. मुलं साध्या रूपाकडे लवकर गेली, त्याला हात लावला, त्याच्याजवळ थांबली. नेहमीच्या वेशातल्या त्याच माणसाकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, पण याच विचारातून याच विद्यापीठातला कास्पर घडला. लहान मुलाएवढा, सिलिकॉनच्या मुखवट्याचा, मुद्दाम मोजकेच हावभाव असलेला. त्याच्या अंगात स्पर्श ओळखणारे सेन्सर आहेत. हळूच गुदगुल्या केल्या तर तो हसतो, जोरात मारलं तर दुखतंय असं सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर एका वेळी एकच गोष्ट घडते आणि तिचा अर्थही एकच असतो.

या प्रयोगांचा अर्थ लावताना एक सोपं स्पष्टीकरण वारंवार पुढे येतं. ही मुलं माणसांपेक्षा यंत्रांच्या जवळची असतात, म्हणून त्यांना रोबो आवडतो. हे स्पष्टीकरण चुकीचं आहे, आणि निरुपद्रवीही नाही. ऑटिस्टिक माणसाला ‘रोबोसारखा’ म्हणण्याची सवय समाजाला आधीच आहे. पुरावा नेमका उलट्या बाजूला बोट दाखवतो. २००५ मध्ये डेव्हिड ग्रेलॉटी आणि सहकाऱ्यांनी डिजिमॉन या कार्टूनचं वेड असलेल्या एका ऑटिस्टिक मुलाचं मेंदूचित्रण प्रसिद्ध केलं. चेहरे पाहताना जो भाग इतरांच्या मेंदूत जागा होतो, तो या मुलाच्या मेंदूत माणसांचे चेहरे पाहताना जागा झाला नाही, डिजिमॉनची पात्रं पाहताना झाला. २००८ मध्ये देल्फीन रोसे यांच्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांनी कार्टूनच्या चेहऱ्यांवरच्या भावना इतर मुलांच्याच पद्धतीने ओळखल्या, फरक पडला तो खऱ्या चेहऱ्यांवर. आणि २०१९ मध्ये रिबेका व्हाइट आणि ॲना रेमिंग्टन यांनी प्रौढांना विचारलं की तुम्हाला निर्जीव वस्तूंनाही भावना आहेत असं वाटतं का. ऑटिस्टिक लोकांनी ‘हो’ असं उत्तर इतरांपेक्षा जास्त वेळा दिलं. मागे राहिलेल्या वस्तूला एकटं वाटेल या विचाराने अस्वस्थ होणारा माणूस भावनाशून्य कसा म्हणायचा? इथे सहानुभूती आटलेली दिसत नाही. उलट माणसाचा चेहरा असलेल्यांपुरतीच ती राखून ठेवलेली नाही.

मग रोबोत त्यांना आवडतं काय? संशोधनात पुन्हा पुन्हा येणारं उत्तर आहे अंदाज बांधता येणं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात बॉब स्खाडेनबेर्ख यांनी युरोपीय संघाच्या ‘डी-एनिग्मा’ प्रकल्पात हाच धागा धरला. रोबोच्या वागण्यातली अनिश्चितता कमी-जास्त केली तर ऑटिस्टिक मुलांच्या रमण्यावर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. माणसाच्या चेहऱ्यावर एका क्षणात भुवया, ओठ, डोळे, मान आणि आवाजाची पट्टी एकदम बदलतात, आणि बरेचदा एकमेकांशी विसंगत बदलतात. आपण हसतो तेव्हा कधी आनंद असतो, कधी संकोच, कधी ‘आता जा’ असं सुचवणं. हे वाचता न येणाऱ्याला दर वेळी चुकण्याची शिक्षा मिळते, कारण समोरचा नाराज होतो. रोबो नाराज होत नाही. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी त्याचा आवाज चढत नाही. इथे एक सावधगिरी हवी. साधा रोबो चांगला आणि माणसासारखा वाईट, असा नियम यातून निघत नाही. जपानमध्ये मानसोपचारतज्ज्ञ हिरोकाझू कुमाझाकी यांनी ऑटिस्टिक तरुणांना नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देण्यासाठी अगदी मनुष्यरूपी ‘ॲक्ट्रॉइड-एफ’ वापरला. समोर खरं माणूस बसल्यासारखं वाटावं पण खऱ्या माणसाचं दडपण नसावं, हा हेतू. सरावानंतर तरुणांचा आत्मविश्वास वाढला आणि देहबोली सुधारली, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे काहींना सपाट चेहरा हवा, काहींना माणसाचा, आणि तो कशासाठी हवा आहे यावरही ते ठरतं. ऑटिस्टिक माणसांमधला आपापसातला फरक ऑटिस्टिक आणि इतर यांच्यातल्या फरकाइतकाच मोठा असू शकतो, हे या क्षेत्रात वारंवार विसरलं जातं.

दरी पाहणाऱ्याच्या अपेक्षेत आहे, या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप पुराव्याचाच आहे आणि तो रास्त आहे. फेंग यांच्या प्रयोगात चित्रं होती, खोलीत उभा असलेला रोबो नव्हता. मुलं होती, प्रौढ नव्हते. जोशुआ डील आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या सगळ्या संशोधनाची झडती घेतली तेव्हा बहुतेक अभ्यास अगदी लहान आणि प्राथमिक असल्याचं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतर चित्र थोडं सुधारलं. युरोपीय संघाच्या ‘ड्रीम’ प्रकल्पात रोमानियातल्या साठहून अधिक मुलांवर रीतसर चाचणी झाली. एका गटाला नेहमीचे उपचार माणसाकडून मिळाले, दुसऱ्याला नाओ या लहानशा रोबोच्या साथीने. मुलांची प्रगती दोन्ही गटांत सारखीच झाली, रोबोच्या गटात त्यांचा उत्साह जास्त होता. रोबो चमत्कार करत नाही, हे यातून स्वच्छ कळतं, आणि ज्यांना तो चमत्कार म्हणून विकला जातो त्या पालकांना हे आधीच सांगितलं पाहिजे. पण माझा मुद्दा रोबो बरा शिकवतो की नाही हा नाही. रोबोसमोर उभ्या असलेल्या माणसांतला फरक आपल्याला स्वतःबद्दल काय सांगतो, हा आहे. आणि त्यासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा ज्या अभ्यासात आहे, त्यात रोबो नाहीच.

टेक्सासमधले नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ऑटिस्टिक आणि इतर लोकांच्या बोलण्याचे अगदी छोटे तुकडे अनोळखी माणसांना दाखवले. काहींनी चित्रफीत पाहिली, काहींनी फक्त आवाज ऐकला, काहींनी फक्त स्थिर छायाचित्र पाहिलं. पाहणाऱ्यांना त्या लोकांबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. तरी काही सेकंदांतच त्यांनी ऑटिस्टिक व्यक्तींना जास्त अवघडलेलं ठरवलं. यांच्या शेजारी बसाल का, यांच्याशी बोलणं सुरू कराल का, या प्रश्नांना उत्तरं थंड आली. मग काही जणांना फक्त बोललेले शब्द कागदावर वाचायला दिले. तिथे दोन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. म्हणजे म्हणण्यात काही उणं नव्हतं. आवाजाचा चढउतार, नजर, हालचालींची लय वेगळी होती, आणि तेवढ्यावरून माणूस टाळावासा वाटला. सायगिन यांच्या अँड्रॉइडची इथे आठवण होते. रूप माणसाचं, हालचाल अपेक्षेहून वेगळी, आणि पाहणाऱ्याच्या मनात तीच नकळत उठणारी नकोशी भावना. माझा तर्क असा की बिगर-ऑटिस्टिक माणूस अँड्रॉइडला पाहून जसा बिचकतो, तसाच, सौम्य प्रमाणात, ऑटिस्टिक माणसाला पाहूनही बिचकतो. मोरींची दरी प्रयोगशाळेत सापडते त्याआधी ती शाळेच्या वर्गात आणि लग्नाच्या मांडवात असते.

या तर्कावर दोन आक्षेप येतील. एक, ही केवळ उपमा आहे, दोन्हीकडे मेंदूत एकच प्रक्रिया चालते हे कोणी दाखवलेलं नाही. बरोबर. पण तर्क तपासायला एक वाट आहे. अस्वस्थता जर चुकलेल्या अंदाजातून येत असेल, तर अंदाज सुधारल्यावर ती कमी व्हायला हवी. सॅसन आणि केरियन मॉरिसन यांनी २०१९ मध्ये हेच पाहिलं. समोरची व्यक्ती ऑटिस्टिक आहे हे पाहणाऱ्यांना सांगितल्यावर त्यांची मतं सुधारली, आणि ज्यांना ऑटिझमबद्दल माहिती होती त्यांची मतं मुळातच जास्त अनुकूल होती. दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. ऑटिस्टिक माणसाला अँड्रॉइडच्या शेजारी उभं करणं हाच त्याचा अपमान नाही का? तुलना त्या दोघांची असती तर तो अपमानच ठरला असता. इथे तुलना पाहणाऱ्याच्या दोन प्रतिक्रियांची आहे, आणि दोष दाखवला आहे तोही पाहणाऱ्याचाच. ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन २०१२ पासून हेच सांगत आहेत: गैरसमज दुहेरी असतो, दोघेही एकमेकांना वाचू शकत नाहीत, पण ‘कमतरता’ मात्र एकाच्याच नावावर लिहिली जाते. त्यांच्या मांडणीला २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या प्रयोगाने मोठं बळ दिलं. त्यात माहिती एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने पुढे जात होती. ऑटिस्टिक माणसांनी ती एकमेकांना इतरांइतकीच नीट पोचवली, ऑटिस्टिक आणि इतर यांच्या मिश्र साखळीत मात्र ती गळत गेली. पुढे त्याच गटाने बऱ्याच मोठ्या संख्येवर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतली गळती दिसली नाही, हेही सांगायला हवं. ऑटिस्टिक माणसं माहिती चांगलीच पोचवतात, हा भाग मात्र दोन्ही वेळा टिकला.

असं असताना रोबो कशासाठी वापरले जातात ते पाहिलं की वाईट वाटतं. बहुतेक प्रकल्पांचं उद्दिष्ट मुलाला नजरेला नजर द्यायला लावणं, भावनांची नावं घोकवणं, ठरलेल्या पद्धतीने वागायला शिकवणं हे असतं. मुलाला जे सोपं वाटतं ते आमिष म्हणून पुढे करायचं आणि त्याच्याआडून त्याला जे अवघड वाटतं तिकडे ढकलायचं. नाबा रिझवी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये अशा शंभराहून अधिक शोधनिबंधांची चिकित्सा केली. ऑटिझमकडे दुरुस्त करायचा बिघाड म्हणून पाहणं आणि संशोधनात ऑटिस्टिक लोकांनाच जागा नसणं, हे दोष त्यांना ठायी ठायी सापडले. यावर पालक जे म्हणतील ते मी हलकं मानत नाही. आमच्या मुलाला याच जगात जगायचं आहे, दुकानात जायचं आहे, मुलाखत द्यायची आहे, जग बदलेपर्यंत तो थांबणार कसा? या प्रश्नात प्रेम आहे आणि थकवाही. मुलाला स्वतःला हवं असलेलं कौशल्य रोबोच्या मदतीने मिळत असेल, तर ते जरूर द्यावं. कुमाझाकींच्या मुलाखतींचा सराव त्यातलाच. पण कौशल्य आणि सोंग यांतला फरक मुलाच्या अंगावर उमटतो. भूक लागली, डोकं दुखतंय, आवाज सहन होत नाही, हे सांगता येणं हे कौशल्य. समोरच्याला बरं वाटावं म्हणून नजर रोखून धरणं हे सोंग, आणि ते दिवसभर वठवण्याचा शीण ऑटिस्टिक प्रौढांनी पुष्कळ लिहून ठेवला आहे. रोबोकडून शिकण्याची पाळी खरं तर शिक्षकांची आणि नातेवाइकांची आहे. एका वेळी एक गोष्ट बोलणं, पुढे काय होणार हे आधी सांगणं, उत्तरासाठी थांबणं, चुकलं तर आवाज न चढवणं यातलं काहीही करायला यंत्र लागत नाही.

आणि तरीही कुणाला यंत्र घ्यायचंच असेल, आपल्याकडच्या एखाद्या विशेष शाळेने काही लाख रुपये बाजूला काढले असतील, तर खरेदीआधी विचारायचा एक प्रश्न माहितीपत्रकात नसतो. येल विद्यापीठातल्या ब्रायन स्कॅसेलाटी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा मुलांच्या घरी महिनाभर, रोज अर्धा तास, जिबो नावाचा छोटा रोबो त्यांच्याशी खेळला, आणि रोबो समोर नसतानाही मुलं मोठ्यांच्या नजरेचा रोख पूर्वीपेक्षा चांगला ओळखू लागली. जिबो बनवणारी कंपनी मात्र टिकली नाही. २०१९ मध्ये घरोघरीच्या जिबोंनी आपले सर्व्हर बंद होणार असल्याचा निरोप स्वतःच्याच तोंडाने दिला. बहुतेकांसाठी ते एक उपकरण बंद पडणं होतं. व्हाइट आणि रेमिंग्टन यांचा निष्कर्ष खरा असेल, तर ज्या मुलाला वस्तूच्याही भावना जाणवतात त्याच्यासाठी हा वियोग ठरू शकतो, आणि तो शब्दांत सांगता न येण्याची शक्यताही त्याच्याच बाबतीत जास्त. म्हणून शाळेने किंमत आणि वॉरंटी यांच्याबरोबर हे लेखी घ्यावं: रोबो इंटरनेटशिवाय चालतो का, कंपनी बुडाली तर तो चालू राहील का, दुरुस्तीला गेला तर मुलाला कोण, कधी आणि काय सांगणार. आणि परत नेण्याचा दिवस ठरलेला असेल तर तो पहिल्याच दिवशी मुलाच्या कॅलेंडरवर त्याच्यासमोर लिहावा.